आवाज पुढून येतो!

स्वतःच्या जीपविषयी आमच्या थोरल्या साडूंइतका ठाम आणि तितकाच चुकीचा माणूस रत्नागिरी तालुक्यात दुसरा झाला नसेल. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, माईंचे, यजमान. घरची आंब्याची कलमं, स्वभाव तापट आणि ज्ञान अमर्याद. ऐंशीनंतरच्या कुठल्याशा वर्षी त्यांनी सरकारी लिलावातून एक म्हातारी जीप घरी आणली. “सरकारनं टाकलेली वस्तू म्हणजे बावनकशी सोनं,” असा त्यांचा सिद्धांत होता. फक्त सरकारला हे कुणी सांगितलेलं नव्हतं. एक हंगाम तिनं डोंगरातून आंबे निमूटपणे उतरवले आणि मग एके दिवशी ती बोलू लागली.

तो साधा खडखडाट नव्हता. खडखडाट तिच्यात जन्मजात होता आणि तो आम्ही घरचाच धरून चाललो होतो. हा आवाज निराळा, ठेक्यातला. टक्, टक्, टकाक्. गाडी पळाली की पळायचा, मंदावली की मंदावायचा आणि गाडी उभी करून बॉनेट उघडलं की नव्या नवरीसारखा गप्प बसायचा. साडूंनी पहिल्याच दिवशी निकाल दिला, “आवाज पुढून येतो.” मागच्या बाकावरून माई म्हणाल्या, “अहो, माझ्या तर पायांखाली वाजतंय.”

“अगो, पुढचा आवाज वाऱ्यानं मागे जातो. गाडी चालते तेव्हा वारा कुठून कुठे वाहतो?”

माईंनी वाऱ्याची दिशा मान्य केली आणि रस्त्याकडेच्या माडांकडे पाहत बसल्या. त्यांच्या संसाराची हीच रीत होती.

त्यानंतर माझे रविवार गेले. मी हायस्कुलात मराठी शिकवणारा माणूस. पण धाकटा साडू असल्यामुळे यंत्रविद्येत मला परस्पर प्रवेश मिळाला. साडू मला पुढच्या मडगार्डवर बसवत, एका हातात उघडं बॉनेट धरायला देत आणि गाडी हळूहळू हातखंब्याच्या रस्त्याला लावत. समोरून एसटी आली की आतली माणसं खिडक्यांतून वाकून मला बघत. त्यांतले निम्मे माझे आजी-माजी विद्यार्थी. “कान लावा हो मास्तर! एसटी काय बघता?” साडू ओरडत. मला इंजिनाची ऊब आणि पेट्रोलचा वास यापलीकडे काही कळत नसे. मी आपला “हो, पुढूनच येतोय” म्हणत असे, कारण त्याखेरीज खाली उतरायला मिळत नसे.

एकदा त्यांनी देवळातल्या भजनात पखवाज वाजवणाऱ्या बुवांनाच गाडीत घातलं. बुवांनी डोळे मिटले, मांडीवर ताल धरला आणि मैलभर गेल्यावर म्हणाले, “ठेका बरा आहे. पण एका ठिकाणी घाई करते.” साडूंना हे निदान फारच पटलं. पुढले काही दिवस ते भेटेल त्याला जीप ‘घाई करते’ असं सांगत होते.

मग आला वगळण्याचा काळ. आवाज करू शकेल ते सगळं गाडीतून काढायचं. स्टेपनी गेली, हत्यारांची पेटी गेली, मागचा बाक गेला. त्याजागी भाताची दोन पोती आली आणि माई त्यांवर बसू लागल्या. त्यांना बांगड्या हाताशी घट्ट धरून बसण्याचा हुकूम झाला. प्रवासात बोलायचं नाही, खोकायचं नाही. खेडहून मुक्कामाला आलेल्या आमच्या सासूबाईंना एकदा शिंक आली तर साडूंनी गाडी थांबवून “हा कुठला आवाज?” असं विचारलं. शेवटी आवाजाखेरीज गाडीत फारसं काही उरलं नाही.

अशातच एका सकाळी खेडहून आलेल्या एसटीच्या कंडक्टरनं निरोप आणला. सासऱ्यांची तब्येत फार बिघडली आहे, ताबडतोब निघा. माझी बायको आधीच तिकडे गेलेली होती. पुढची एसटी दुपारी. माईंनी चपला घातल्या आणि पोत्यांवर जाऊन बसल्या.

एरवी साडू फर्लांगभर गेले की थांबायचे, उतरायचे, मान तिरपी करून ऐकायचे. त्या दिवशी ते एकदाही थांबले नाहीत. संगमेश्वर गेलं, चिपळूण गेलं. परशुराम घाटात तर टकाक् टकाक् इतकं वाढलं की माझे दात वाजू लागले. मी न राहवून म्हटलं, “आवाज वाढलाय हो.”

“कसला आवाज?” साडू रस्त्यावरची नजर न काढता म्हणाले. “मला नाही येत.”

मागे माई डोळे मिटून बसल्या होत्या.

आम्ही पोचलो तेव्हा सासरे उठून बसले होते. पहाटे ताप उतरला होता आणि ते पेज पीत होते. “जीपनं आलात?” त्यांनी थोरल्या जावयाला विचारलं. “मग आजच्या आज कसे पोचलात?”

साडू तडक बाहेर गेले. बऱ्याच वेळानं मी अंगणात आलो, तर त्यांचे पाय गाडीच्या मागच्या बाजूनं बाहेर आलेले. मागच्या!

“मास्तर, आत या. हात लावा इथे.”

इंजिनाची ताकद मागच्या चाकांना पोचवणारा लांब दांडा माझ्या हातात डुगडुगत होता. तो धरणाऱ्या बोल्टांपैकी अर्धे गळून गेले होते आणि उरलेले बोटानं फिरत होते. आम्ही दोघंही घाटाचा विचार करत तसेच पडून राहिलो.

“तुम्हाला खरंच ऐकू येत नव्हतं?” मी विचारलं.

“येत होतं हो. मागून येत होतं.” त्यांनी ऑईलच्या हातानं कपाळ पुसलं. “पण तिचं तोंड बघितलंत ना? गाडी थांबवून काय सांगू तिला? बापाकडे निघाली होती ती.”

गावातून बोल्ट आणले, साडूंनी स्वतः आवळले आणि आम्ही नदीपर्यंत चक्कर मारून आलो. गाडी जवळजवळ सभ्य वाटली.

आता साडू नाहीत. मला आठवतात ते त्या दुपारी ओटीवर हात डोक्याखाली घेऊन गाढ झोपलेले, कपाळाला काळं ऑईल तसंच. माई उशाशी बसून पदरानं माशा वारत होत्या.

“मास्तर,” त्या हळूच म्हणाल्या, “घाटात मी झोपले नव्हते हो. मी घाबरल्ये हे दिसलं असतं, तर ह्यांचे हात थरथरले असते. म्हणून डोळे मिटले.”

 माईंनी पदराचं टोक ओलं केलं आणि झोप मोडणार नाही इतक्या हलक्या हातानं त्यांचं कपाळ पुसायला घेतलं.