गोत्र विचारलं, गोळ्या नाहीत

सातारच्या स्टँडवर बायकोला मी सांगितलं, "वेरूळ बघून येतो." साठी उलटलेल्या माणसानं बोललेलं हे धडधडीत खोटं. खरं तर मी निघालो होतो पैठणजवळच्या एका शिबिराला. तिथं म्हणे कसलासा काढा पाजतात, त्यानं भान हरपतं आणि मनातली जुनी दुखणी बरी होतात. गेली दोन वर्षं मी उदासीवरची गोळी घेतो. ती व्हिटॅमिनच्या डबीत लपवून ठेवतो, कारण निवृत्त हेडमास्तराला उदासी येते हे घरात सांगायची मला लाज वाटते. एकदा काढा प्यावा, गोळी सुटावी आणि कुणाला काही कळूच नये, असा माझा बेत होता.

दुपारी छत्रपती संभाजीनगरात उतरलो. शिबिराचा नियम होता, आधी तीन दिवस फक्त मुगाचं वरण. दोन दिवस पाळलाही. पण पैठणच्या एसटीला तासभर अवकाश होता आणि मी जुन्या शहरात शिरलो, तीच चूक झाली. एका हॉटेलातून नान-खलियाचा (मोठी पिवळी तंदूरची रोटी आणि मटणाचा झणझणीत रस्सा) वास आला आणि पाय थबकले.

"आओ ना चाचा, बैठो," मालक म्हणाला.

"आज उपास आहे," मी म्हणालो.

"तो नान छोड देव, खाली खलिया खाव!"

इतका सोपा उपास मला आजवर कुणी सांगितला नव्हता. मी नानही खाल्ला.

पैठणहून रिक्षानं जायकवाडीच्या पाण्याकाठच्या एका शेतावर पोचलो. फाटकावर 'सर्वांचे स्वागत' अशी पाटी. पाण्यात लांबवर रोहित पक्षी एका पायावर उभे होते. जागा सुंदर, यात वाद नाही. आम्ही नऊ जण होतो आणि आमचा मार्गदर्शक आकाश, वय तिशीचं, अनवाणी, अंगात ढगळ पांढरा सदरा.

"काढ्यात काय काय असतं?" मी विचारलं.

"काका, त्यात प्रेम असतं."

"ते असू दे. त्याखेरीज?"

तो नुसता हसला. मला त्या प्रेमाची जरा धास्तीच वाटली.

मग फॉर्म आला. नाव, जन्मवेळ, गोत्र, कुलदैवत आणि 'कोणत्या पूर्वजाला भेटू इच्छिता?' मी वडिलांचं नाव लिहून खोडलं. ते भेटले असते तर आधी माझ्या खर्चाचा हिशेब मागितला असता.

माझ्या शेजारी शोभाताई बसल्या होत्या. बजाजनगरच्या, वाळूजच्या एका कारखान्यात कामाला, तिथल्या सुरक्षा समितीवर. लाइनवर एका पोरीचा हात मशिनीत सापडला, तेव्हापासून यांची झोप उडाली होती. त्यांनी गोत्राचा रकाना मोकळा सोडला.

"ताई, गोत्र नसेल तर ऊर्जा पूर्वजांपर्यंत पोचणार कशी?" आकाशनं विचारलं.

"माझ्या आजोबांनी दीक्षा घेतली, तवाच गोत्र सोडलं. ऊर्जेला म्हणा, सरळ माझ्याकडंच ये."

आकाश गडबडला. "मग तुम्ही या वेळी वर्तुळाबाहेर, जरा मागं बसा. बघायला हरकत नाही."

"मागं?" ताईंचा आवाज चढला नाही. "मागं बसायचं पण आजोबांनीच बंद केलं. मी इथंच बसणार. आता माझं ऐका. गोत्राला रकाना हाय, पण कुणाला कोणत्या गोळ्या चालू हायेत, ते कुठं लिहायचं?"

"काढा पूर्ण नैसर्गिक आहे, ताई."

"धोतरा बी नैसर्गिकच असतो. आमच्याकडं साधं वेल्डिंग करायचं तर परमिट लागतं. इथं काढा न पिता जागं कोण राहणार? गाडी कुठंय? दवाखाना किती लांब?"

आकाशनं गाडी कुठंय तेवढं दाखवलं. ती पंक्चर होती.

"गोळ्या चालू असतील त्यांनी हात वर करा," ताई म्हणाल्या. एकही हात वर गेला नाही. माझा हात वर निघाला, पण मध्येच कान खाजवू लागला. ताई माझ्याकडंच बघत होत्या. शाळेत मी पोरांकडं असंच बघायचो.

"मला आहे," मी म्हणालो. "उदासीची. दोन वर्षं झाली."

जगबुडी झाली नाही. उलट कोपऱ्यातून "मला बीपीची", "मला पण तीच, उदासीची" असे आवाज येऊ लागले. शेवटी आकाशनं हळूच सांगितलं, त्याला झोपेची लागते.

ताईंनी तिथूनच मला डॉक्टरांना फोन लावायला लावला. डॉक्टर एवढे ओरडले की सगळ्या वर्तुळाला ऐकू गेलं. "त्या गोळीवर असले काढे जिवावर बेततात! आणि मला न विचारता गोळी बंदही करायची नाही, कळलं?"

काढ्याचं पातेलं झाकलं गेलं आणि चहा आला. ताईंच्या शेजारी बसायला चढाओढ लागली. आकाश वही घेऊन त्यांचे प्रश्न मुकाट्यानं उतरवत होता. ताई मात्र जरा खट्टू दिसल्या.

"लई आशेनं आले होते मी," त्या मला म्हणाल्या. मी त्यांना माझ्या डॉक्टरांचा नंबर दिला. दुसरं काय देणार?

दुसऱ्या दिवशी परतीची एसटी धरली. घरी पोचलो तेव्हा ही कोथिंबीर निवडत होती.

"कसं होतं वेरूळ?"

"गेलोच नाही," मी म्हणालो आणि उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं. काढा, गोळी, डबी, सगळं.

तिनं मान वर केली नाही. "गोळ्यांचं माहीत आहे मला."

"काय माहीत आहे?"

"दोन वर्षं रोज डबीतल्या मोजते मी. एखादी राहिली की 'व्हिटॅमिन घेतलं का' म्हणून मागं कोण लागतं तुमच्या?"

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्हाला लाज वाटत होती ना! म्हटलं, सांगाल कधीतरी." मग तिचे हात थांबले. "पण अहो, तुम्ही ते प्यायला असतात तर? मी इथं वेरूळच्या फोटोंची वाट बघत बसले असते."

चाळीस वर्षांच्या संसारात जे कधी केलं नव्हतं, ते केलं. मी खाली तिच्याजवळ बसलो आणि म्हणालो, "चुकलो."