तांडेलाचा समुद्र

करंजेवाली मावशी जन्मभर मासे विकत आली, पण ते जिथून येतात तो समुद्र तिने साठी उलटेपर्यंत धड पाहिलेला नव्हता. पनवेलच्या मासळी बाजारात तिच्या पाटीसमोर बोंबील घेता घेता तिनेच मला हे सांगितलं, तेव्हा मला ती थट्टा वाटली. जन्म करंजा बंदरावरचा, सासरही करंजातलंच. वडिलांची स्वतःची होडी, नवरा तांडेल, म्हणजे बोट चालवणारा, खलाशांचा म्होरक्या. आणि हिने समुद्र पाहिला नाही?

"काठावरून बगलाय गं," ती म्हणाली. "रेवसला तरीतून गेली हाय. नारली पुनवेला सजवलेल्या होडीत बंदरातल्या बंदरात फिरली हाय. पन आत? आत बाप्ये जातात. आमी वाट बगतो आन आलेली मासली इकतो."

एवढं बोलून तिने बोंबील पिशवीत टाकले आणि वर दोन जास्तीचे घातले. तो तिचा रिवाज होता. गिऱ्हाईक कितीही घासाघीस करो, शेवटी ती काहीतरी वर घालायचीच आणि म्हणायची, "घे बाय, तुज्या नावाचाच आला व्हता."

मी खारघरच्या एका कॉलेजात शिकवते आणि राहते पनवेलला. रविवारी सकाळी बाजारात जायचं आणि मावशीकडूनच मासे घ्यायचे, हे इतकी वर्षं चाललं होतं की मी नुसती दिसले तरी ती कोयता धुवायला घ्यायची. मासे साफ करताना तिचं तोंडही चालू असायचं. कुठला मासा कसा करायचा, हे ती माणसांबद्दल बोलावं तसं सांगायची. "मुडदुशीला लय मसाला लावू नको, बिचारी घाबरंल." "हलव्याला दम दे, तो हट्टी हाय." एकदा एका नव्या गिऱ्हाइकाने पापलेट ताजं आहे ना असं तीनदा विचारलं. मावशीने त्याला पापलेटाच्या तोंडाशी कान न्यायला लावला आणि म्हणाली, "त्यालाच इचार ना दादा." तो मनुष्य खरंच वाकला. सगळा बाजार हसला, तोही हसला, आणि पुढे मावशीचं कायमचं गिऱ्हाईक झाला.

तांडेल मात्र मी कधी पाहिला नाही. तो गेला त्यानंतर काही आठवडे मावशीची जागा रिकामी होती. परत आली तेव्हा ती नेहमीसारखीच बोलत होती, पण मध्येच थांबायची, हातातला मासा तसाच धरून.

अशाच एका रविवारी तिने मला त्याच्याबद्दल सांगितलं. तांडेल समुद्रावरून आला की जेवताना गोष्टी सांगायचा. डॉल्फिन बोटीबरोबर शर्यत लावतात आणि आपल्याकडे बघून हसतात. कासवीण वाळूत अंडी घालताना रडते. आणि एकदा, दक्षिणेला लांब गेलेले असताना, बोटीएवढा एक मासा बोटीला लागून आला होता. काळाभोर, अंगभर पांढरे ठिपके. दात नाहीत, राग नाही. तांडेलाने वाकून त्याच्या पाठीला हात लावला होता. बंदरावर लोक या गोष्टींना हसायचे. बाकीच्या खलाशांनीही डॉल्फिन पाहिले होते, पण हसणारे नाहीत. आणि त्या ठिपकेवाल्या माशापायी तर तांडेलाचं नाव 'थापाड्या' पडलं होतं.

"सगल्यात जास्त मीच हसायची," मावशी म्हणाली. "बोलायची, पयलं जेव, मंग फेक. शेवटी शेवटी सांगायचाच बंद झाला. मुकाट जेवायचा आन हात धुवायचा." तिने सुरमईचा तुकडा पाटावर ठेवला. "बाय, तो खोटा बोलत व्हता का खरा, कुनाला इचारू मी आता?"

दिवाळीच्या सुट्टीत मी हर्णैला जाणार होते. तिथे बोटीतून डॉल्फिन दाखवायला नेतात, असं मी सहज बोलून गेले. मावशीने कोयता खाली ठेवला.

"मना नेशील?"

अशी आमची पहिली सफर ठरली. माझ्या नवऱ्याला बोट लागते, तो घरी राहिला. मावशी पहाटे पनवेलला आली ती मोठा डबा घेऊन. त्यात तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी. पेण मागे पडायच्या आत तिने मला एक भाकरी खायला घातली. पुढे आमच्या आणखी दोन सफरी झाल्या, पण गाडीत बसल्यावरचं तिचं वागणं कधी बदललं नाही. काच पूर्ण खाली. एसी लावला की म्हणायची, "पेटीत बर्फात घातलंस मना?" खाडीवरचा पूल आला की गाडी हळू करायला लावायची, हात जोडायची आणि पाण्याचा रंग बघून भरती आहे की ओहोटी ते स्वतःशीच पुटपुटायची. मग उरलेल्या रस्त्यावर गाढ झोप.

हर्णैला सकाळी बोटीत चढताना तिने लाइफ जॅकेटकडे नव्या नवरीने शालूकडे बघावं तसं पाहिलं. ते घालून, वर पदर खोचून ती पुढच्या फळीवर बसली. किनारा मागे गेला, पाण्यातला किल्ला लहान झाला, आणि तिने दोन्ही हातांनी फळी धरली. मी विचारलं, भीती वाटते का? तिने नाही म्हणून मान हलवली. चारी बाजूंना पाणी असलेलं ती पहिल्यांदाच बघत होती.

डॉल्फिन आले ते डाव्या अंगाने. आधी एक राखाडी पाठ वर आली आणि गेली, मग दोन, मग एक पिल्लू आईला चिकटून. बोटवाल्याने यंत्र बंद केलं. एक डॉल्फिन अगदी जवळ येऊन तिरका झाला आणि त्याने तोंड पाण्याबाहेर काढलं. तोंडाची ती रेघ खरोखर हसल्यासारखी वर वळलेली होती. बोटीतले सगळे ओरडत होते, मोबाइल वर धरत होते.  मावशीने दोन्ही हात मांडीवर ठेवले होते.

"हसतो की गं," ती एवढंच म्हणाली. 

फाल्गुनात आम्ही आंजर्ल्याला गेलो. तिथे गावातली माणसं कासवाची घरटी राखतात आणि पिल्लं समुद्रात सोडतात. पहिल्या दिवशी पिल्लं पाहिली. बोटभर लांबीचे ते जीव वाळूतून धडपडत पाण्याकडे निघाले तेव्हा मावशी त्यांच्या बरोबरीने ओणवी चालत होती. "जा रं, जा. लाट आली की डोकं खाली घाल." पण परत येताना ती नाराज होती. "तांडेल पोरांचं नाय बोलला. आईचं बोलला व्हता."

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता घरटी राखणाऱ्या दादांचा निरोप आला. एक कासवीण उशिरा वर आली होती, अजून वाळूतच होती. आम्ही धावत गेलो. दादांनी लांबच थांबवलं. अंडी घालून ती त्यांच्यावर वाळू ओढत होती, मागच्या पायांनी, सावकाश. मग वळून पाण्याकडे निघाली आणि आमच्या समोरून गेली. तिच्या डोळ्यांखाली वाळू ओली झाली होती आणि तिथून एक चिकट धार गालावर ओघळली होती.

"रडते," मावशी कुजबुजली.

"रडत नाही हो," दादा समजावत म्हणाले. "अंगातलं जास्तीचं मीठ असं डोळ्यांवाटे बाहेर टाकतात कासवं."

"मीठ असू दे नायतर दुःख असू दे. डोल्यांतून पानी आलं ना? तो तेवढंच बोलला व्हता."

दादांनी मान डोलावली. कासवीण पाण्यात शिरली, एक लाट तिच्यावरून गेली, आणि पुढे काही दिसलं नाही.

राहिला होता तो ठिपकेवाला मासा. मी मावशीला आधीच सांगितलं होतं की असा मासा असतो, व्हेल शार्क म्हणतात त्याला, मोबाइलवर चित्रही दाखवते. तिने माझा मोबाइल उलटा करून ठेवला. "चित्रात नको. चित्रात काय पन दिसतं." त्या माशासाठी आम्ही पुढच्या हिवाळ्यात मालवणला गेलो, तेव्हाही तो दिसेल असं मला मुळीच वाटत नव्हतं. तिची हौस म्हणून मी गेले. पहिले दोन दिवस डॉल्फिन दिसले, समुद्री पक्षी दिसले. मावशी ते मन लावून बघत होती, पण तिची नजर पुन्हा पुन्हा लांब जायची.

तिसऱ्या दिवशी आमच्या बोटवाल्या मामांना दुसऱ्या बोटीवरून कुणीतरी हाक मारली. समोर एका मच्छीमार बोटीभोवती पाणी उसळत होतं. मामांनी बोट थोडी जवळ नेली आणि बंद केली. "सगळे एका बाजूक जाव नकात," ते ओरडले. "जाळ्यात मोठो मासो गावलो हा."

आम्ही पाहिलं. जाळ्यात पाठ गुंतलेला तो मासा पाण्याच्या वरच्या थरात होता, त्या बोटीहून थोडा आखूडच असेल. काळसर निळी पाठ, त्यावर ओळीने पांढरे ठिपके, तांदूळ सांडावेत तसे. तो फार हलत नव्हता. अधूनमधून शेपूट मारायचा आणि जाळं आवळायचं. बोटीवरची माणसं आपसांत मोठ्याने बोलत होती. मग त्यांच्यातला एक वयस्क माणूस कमरेचा सुरा काढून पाण्यात उतरला आणि जाळ्याचे धागे कापू लागला. नवं जाळं दिसत होतं. मावशीने ते ओळखलं.

"आपलं जालं कापतो," ती म्हणाली. तिचा आवाज बदलला होता.

"कापूकच व्हया," मामा म्हणाले. "जाळा परत विणूक येता."

कापायला बराच वेळ लागला. तेवढा वेळ मावशी बोटीची कड धरून उभी होती, आणि मी तिला मागून धरून. शेवटचा धागा तुटला तेव्हा माशाला लगेच कळलंच नाही. तो तसाच थांबला. पाण्यातल्या माणसाने त्याच्या पाठीवर तळहात ठेवला आणि हळूच ढकललं. मग ती प्रचंड पाठ सरकली, आमच्या बोटीखालून गेली. सगळे ठिपके आमच्या खालून गेले, आणि पाणी पुन्हा हिरवं झालं.

मावशी खाली बसली. तिने पदर तोंडाला लावला. मामांनी पाण्याची बाटली पुढे केली, ती तिने घेतली पण उघडली नाही.

"हात लावू देतो गं तो," ती मला म्हणाली. "बगलंस ना तू? त्या बाप्याने हात लावला, तरी काय बोलला नाय." आणि मग, माझ्याकडे न बघता, "मी तांडेलाला सांगू दिला असता तर अजून किती सांगितलं असतं त्याने."

 मी तिच्याशेजारी बसून राहिले.

पनवेलला परत आल्यावर मला वाटलं, आता ती बाजारभर ही गोष्ट सांगत सुटेल. तिने तसं केलं नाही. ती फक्त बाजारातल्या बायकांना एकेकीला विचारू लागली: तू आत गेलीस कधी? कुणी उरणची, कुणी मोरा बंदरावरची, कुणी खाडीकाठची. उत्तर सगळ्यांचं एकच: नाय. मग मावशीने बोट चालवणाऱ्या आपल्या पुतण्याच्या मागे लकडा लावला. पावसाळ्यासाठी मासेमारी बंद व्हायच्या आधी, त्याची बोट एक दिवस रिकामी होती तेव्हा, ती पंधरावीस बायकांना घेऊन करंजा बंदरातून निघाली. मलाही बोलावलं होतं. बायका नटून आल्या होत्या, केसांत अबोली. त्या दिवशी डॉल्फिन दिसला नाही, कासव दिसलं नाही. बगळ्यांची एक रांग आणि लांबवर उभी असलेली मोठी जहाजं, एवढंच. पुतण्या शरमून म्हणाला, "काकी, आज काय नाय गावत. वलवू?"

मावशीने बायकांकडे पाहिलं. दोघी डोळे मिटून वारा घेत होत्या. एक वाकून पाण्यात हात सोडून बसली होती. एक म्हातारी मोठ्याने म्हणाली, "माजा बाप हितं कुठंशी बुडला," आणि सगळ्या थोडा वेळ त्या दिशेला बघत राहिल्या.

"वलवू नको," मावशी म्हणाली. "थोडं अजून आत ने."

त्या पावसाळ्यात मावशी गेली. ताप आला, छातीत कफ भरला, आणि चारपाच दिवसांत सगळं आटोपलं. मला कळलं ते बाजारात गेल्यावर. तिच्या जागी तिची सून बसली होती, सासूच्याच पाटीवर, नव्या हातांनी पापलेट मांडत. मी काही न घेता उभी राहिले.  मग ती हात पुसून म्हणाली,

"मॅडम, आई बोलली व्हती, तुमाला इचार. त्या दिवशी मना यायला नाय जमलं, मी आतमदी गेली नाय अजून. कदी जायाचं आपुन?"