नानांचं भरीत आणि तयार निखारे

लग्नाला बारा वर्षं झाली, पण माझ्या सासऱ्यांनी माझं एकदाही कौतुक केलेलं नाही.

माणूस तसा वाईट नाही. नाना जळगावकडचे केळीचे बागायतदार. केळीच्या घडाचं कौतुक करतात, शेजाऱ्याच्या म्हशीचं करतात. आमच्याकडे सिंगापूरला, पुंगोलच्या फ्लॅटवर आले तेव्हा लिफ्टचंसुद्धा केलं. "आवाज करत नाही बिचारी," म्हणाले. मी मात्र बारा वर्षं रांगेतच उभा! यंदा ते महिनाभर राहायला आले, तेव्हा मी चंगच बांधला, नानांच्या तोंडून एक तरी 'छान' काढायचंच.

पहिल्याच आठवड्यात माती खाल्ली. उत्साहाच्या भरात मी ओव्हनमध्ये वांगी भाजून भरीत केलं. तेही खानदेशी माणसासाठी, ज्यांच्याकडे वांगी शेतात कपाशीच्या काड्यांवर भाजतात! नानांनी शांतपणे जेवण संपवलं आणि म्हणाले, "भाजी बरी होती." भरताला भाजी! माझी बायको वर्षा ओट्याकडे तोंड करून हसत होती, हे मला तिच्या हलणाऱ्या पाठीवरून कळलं.

मग मी इरेला पेटून पासिर रिस पार्कात समुद्राकाठची एक बार्बेक्यूची शेगडी बुक केली. कोळशाची पिशवी, सहा टपोरी वांगी, वर्षाने केलेल्या कळण्याच्या पुऱ्या आणि आमची नऊ वर्षांची सई असा लवाजमा घेऊन शनिवारी दुपारी चारला पोचलो. बघतो तर शेगडीत निखारे लालभडक फुललेले आणि आसपास चिटपाखरू नाही!

दुसरा कोणी असता तर थबकला असता. पण मी आठवडाभर नानांना सिंगापूरची महती ऐकवत होतो. बस मिनिटावर येते, अर्ज केला की उत्तर येतं, रस्त्यात कागद दिसत नाही, वगैरे. त्याच ओघात बोलून गेलो, "बघा नाना, इथे बुकिंग केलं की निखारेसुद्धा तयार ठेवतात." (खोटं कशाला बोलू, मला ते खरंच वाटलं होतं.)

नानांच्या भुवया वर गेल्या. बारा वर्षांत पहिल्यांदाच! तेवढ्यात सई म्हणाली, "बाबा, धिस वन नॉट आवर नंबर, लाह." मी तिला वाळूत किल्ला करायला पिटाळलं. वर्षा म्हणाली, एकदा फोनवर बघून तर घे. मी म्हटलं, तुझा ना, कशावर विश्वासच नाही.

वांगी निखाऱ्यांवर ठेवली. टोचे मारलेत का, तेल लावलंत का, असं नानांनी विचारलं. त्याची काही गरज नसते, असं मी (खानदेशी बागायतदाराला!) समजावून सांगितलं.

पहिलं वांगं फुटलं आणि गरम गर माझ्या चष्म्यावर बसला. दुसरं फुटलं ते मात्र मला लागलं नाही. चष्मा पुसून बघितलं, तर ते शेजारी उभ्या असलेल्या एका मलय अंकलच्या शर्टावर होतं. त्यांच्या हातात साटेचा, म्हणजे मांसाचे तुकडे ओवलेल्या काड्यांचा ट्रे आणि मागे बायको, मुलं, सुना, नातवंडं अशी पंधरा माणसं. शेगडी पेटवून सगळे गाडीतलं सामान आणायला गेले होते.

"युवर ब्रिंजल?" अंकलनी विचारलं.

मी ताठ मानेने बुकिंग दाखवलं. त्यांनी ते नीट वाचलं आणि बोट दाखवलं. वीस पावलांवर झाडाखाली आमची शेगडी होती, थंडगार, आणि तिच्या कठड्यावर एक साळुंकी बसली होती.

मेल्याहून मेल्यासारखं झालं. नानांकडे बघायची माझी हिंमत होईना. मी दहा वेळा माफी मागितली, पण अंकलच्या बायकोला हसून हसून बोलता येईना. शेवटी अंकलनी अर्धी शेगडी आमच्या वांग्यांना सोडली, मध्ये फॉइलची भिंत उभी केली आणि मला तुझी शेगडी पेटव जा, म्हणून सांगितलं.

मी तासभर पेटवली. एक अख्खं वर्तमानपत्र आणि दोन काड्यापेट्या संपल्या, धूर मलेशियापर्यंत गेला असेल, पण कोळसा काही पेटला नाही. तिकडे नाना अंकलशेजारी उकिडवे बसले होते. नाना खानदेशी बोलत होते, अंकल मलय बोलत होते, आणि गप्पा एकदाही थांबल्या नाहीत. नाना वांगी बोटांनी फिरवत होते, अंकल पुठ्ठ्याने वारा घालत होते. वाचलेल्या चार वांग्यांचं नानांनी भरीत केलं. अंकलनी ते भाताबरोबर दोनदा मागून घेतलं.

जेवणं झाल्यावर नानांनी जळगावला सासूबाईंना व्हिडिओ कॉल लावला.

"अगं, इथे एक गृहस्थ भेटले. निखारे असे फुलवतात, बघत राहावं. छान माणूस."

छान! ज्या शब्दासाठी मी बारा वर्षं झिजलो, तो एका परक्या माणसाने तीन तासांत खिशात घातला. मी माझ्या शेगडीत डोकं घालून वर्तमानपत्राची राख खरवडत होतो. डोळ्यांत पाणी आलं ते धुराचं, असं मी सईला सांगितलं.

"आणि जावईबापू?" सासूबाईंनी विचारलं.

नानांनी फोन माझ्याकडे वळवला. स्वतःही एकदा माझ्याकडे, एकदा माझ्या शेगडीकडे बघितलं.

"राख छान काढतात," म्हणाले.

मी चटकन वर्षाकडे पाहिलं. तिनेही ऐकलं होतं! मग मी उठलो, हात झटकले, आणि अंकलना जाऊन विचारलं, तुमची शेगडी साधारण कधी विझेल?