धावतो म्हणून द्रव

चहा बशीत ओतला की आमचे विज्ञानाचे सर बशी थोडी कलती करायचे आणि म्हणायचे, "बघा, धावून राह्यला. धावतो म्हून द्रव." संस्कृतात 'द्रु' म्हणजे धावणे, वितळणे; त्यावरून द्रव, हे वडीगोद्रीच्या चहावाल्यालाही पाठ झालं होतं. शाळेत मराठीचा शिक्षक मी, पण शब्दांच्या चौकशीचा ठेका सरांकडे.

पंगतीत त्यांच्या शेजारी बसणं म्हणजे शिक्षाच. आपण वरणासाठी भाताचं आळं करतो. सर ते मुद्दाम टाळायचे. वरण पत्रावळीवरून कुठवर जातं ते त्यांना बघायचं असायचं. ते बहुतेक वेळा माझ्या पँटीपर्यंत जायचं. मी कुरकुरलो की म्हणायचे, "त्याचा धर्मच हाये तो, सर." असला एखादा विद्वान तुमच्याही ओळखीत असेल, त्याच्यावर रागावून काही उपयोग नसतो.

मग वहिनींना, म्हणजे सरांच्या पत्नीला, अर्धांगवायू झाला. गिळणं बिघडलं. डॉक्टरांनी बजावलं, पाणी नको, चहा नको, पातळ काहीच नको, श्वासनलिकेत जाईल. सर एवढंच म्हणाले, "बराबर हाये. ते धावतं." पुढे कित्येक महिने त्यांनी कुणाला कुठल्याच शब्दाचं मूळ सांगितलं नाही.

ज्वारीच्या कण्या शिजवून घोटायच्या, ताट कलतं करून त्या हळू सरकतात का ते पाहायचं, मगच चमचा वहिनींच्या तोंडाशी न्यायचा. स्वयंपाकाशी सरांचं जन्मात जमलं नव्हतं. कण्या इतक्या वाईट व्हायच्या की वहिनी डोळ्यांनीच रागवायच्या. त्यांना हवा होता घोटभर चहा. त्या रोज मागायच्या आणि रोज नाही म्हणताना सरांचा जीव तुटायचा.

डॉक्टरांनी परवानगी दिली त्या दिवशी मी तिथंच होतो. चमचाभर चहा. सरांनी पाजताना निम्मा वहिनींच्या पदरावर सांडला. उरलेला घशाखाली गेला. ठसका आला नाही. वहिनी म्हणाल्या, "आणखी द्या." सर हुंदके देऊन रडले आणि मलाही आवरलं नाही.

या उन्हाळ्यात सर झोपेतच गेले. आमच्याकडे सुतकाच्या घरी चूल पेटत नाही, शेजारचे चहा घेऊन जातात. मी कप वहिनींच्या हातात दिला. त्यांनी तो ओठांना लावला, बराच वेळ तसाच धरला आणि खाली ठेवला.

"न्हाई उतरत, भाऊजी," त्या म्हणाल्या.