गुणी भावाचं औषध

असा गुणी भाऊ मिळायला भाग्य लागतं, असं ताईला सगळेच सांगायचे. सांगणाऱ्यांपैकी एकानेही त्याला आठवडाभर आपल्या घरी नेलं नव्हतं, ही गोष्ट वेगळी. धाकटा भांडायचा नाही, काही मागायचा नाही, बसवलं तिथे बसायचा. त्याला स्किझोफ्रेनिया होता. कानात बोलणारे आवाज जुन्या गोळ्यांनी कधीच हुसकावले होते; जाताना ते बहुधा माणसालाही सोबत घेऊन गेले. ताई दिवसभर शिंप्याच्या दुकानात काजं-बटणं करायची आणि घरी आल्यावर त्याला "ऊठ, आंघोळ कर" म्हणायची. म्हटलं नाही तर तो उठायचा नाही.

अशा विझलेल्या माणसांत धुगधुगी आणणारं नवं औषध आलं. म्हणजे आलं नव्हतं. लागू पडतं का ते आधी पाहायचं होतं, आणि त्या चाचणीत ताईने धाकट्याचं नाव घातलं. निम्म्यांना खरी गोळी, निम्म्यांना नुसती पिठाची, आणि कुणाला कुठली हे खुद्द चाचणी घेणाऱ्या डॉक्टरीणबाईंनाही ठाऊक नाही. आपल्याला काही कळत नाही हे इतक्या शिस्तीत मांडलेलं ताईने प्रथमच पाहिलं.

"ते आपणहून काही करतात का?" बाई दर भेटीला विचारायच्या.

"करतो की. श्वास घेतो," ताई म्हणायची.

दोनेक महिन्यांनी धाकटा जेवता जेवता म्हणाला, "मीठ कमी आहे." आनंद मानायचा सोडून ताई फणकारली, "इतकी वर्षं मुकाट गिळलंस ना?" मग त्याला निळा शर्ट नकोसा झाला, खिडकी उघडी हवीशी झाली. शेजारणीने निदान केलं, "औषध बाधलं गं. चांगला गरीब गाय होता."

एका सकाळी तो आईच्या रिकाम्या पलंगापाशी उभा राहून ढसाढसा रडायला लागला. आईला जाऊन सहा वर्षं झाली होती. ती गेली त्या दिवशी तो कोरड्या डोळ्यांनी भिंतीकडे बघत बसला होता, आणि ताईने ते त्याला कधीच माफ केलं नव्हतं. आता मात्र त्याचं रडणं थांबेना. तिसऱ्या दिवशी भेट होती. बाईंचा नियम साधा होता: उदासी वाढली की गोळी बंद. बरं व्हायचं, पण हसतखेळत! गोळी बंद झाली की तो पुन्हा मुका होणार, म्हणून ताईने थाप ठरवून ठेवली, "डोळे आलेत त्याचे."

ती थाप मारणार तेवढ्यात बाईंनी त्यालाच विचारलं, "काय झालं? का रडताय?"

"आई गेली," धाकटा म्हणाला.

"अरेरे! कधी?"

त्याने ताईकडे पाहिलं. "हिची सहा वर्षांपूर्वी. माझी परवा."

बाईंनी गोळ्यांचं पुढचं पाकीट टेबलावर सरकवलं आणि म्हणाल्या, "रोज फोन करून कळवा मला." ताईला ते घ्यायला सुचलं नाही. ती भावाच्या गळ्यात पडून रडत होती.