दाजींचा लख्ख उजेड

माझ्या ताईच्या नवऱ्याला, म्हणजे आमच्या दाजींना, मंद उजेड सोसत नाही. घरातले सगळे दिवे भरदिवसा चालू ठेवतात, आणि कुणी काही समजावायला तोंड उघडलं की स्वतःच प्रकाश पाडायला लागतात. धंदा समारंभांचे व्हिडिओ एडिट करण्याचा. मला हा माणूस पहिल्या दिवसापासून आवडला नाही आणि मी ते कधी लपवलंही नाही. मीही एडिटिंगच करते, पण दुसऱ्याच्या स्टुडिओत, पगारावर. म्हणून त्यांच्या लेखी मी लिंबूटिंबू.

आईच्या वाढदिवसासाठी त्यांनी एक फिल्म करायला घेतली. नवा एचडीआर कॅमेरा आणला होता. त्यात खिडकीतलं ऊन डोळ्यांवर येईल इतकं लख्ख दिसतं, तरी खोलीचा कोपरा काळा पडत नाही. त्या चित्रीकरणात बाबांची जुनी, साध्या कॅमेऱ्यातली क्लिप मिसळायची होती. बाबा जाऊन बरीच वर्षं झाली. ते बोलताना दिसतात अशी ती एकच क्लिप. खुर्चीत बसून ते आईला चिडवतात आणि आई कॅमेऱ्यामागून हसते. आईला मोठ्या टीव्हीवर तेवढंच पाहायचं होतं. बाकीची फिल्म तिनं आमचं मन राखायला चालवून घेतली होती.

मी दाजींना बजावलं, "जुन्या क्लिपमध्ये तेवढा उजेड नाहीच आहे, तो ओढूनताणून वाढवू नका. बाबांचा पांढरा शर्ट नव्या शॉटमधल्या साध्या कागदाइतकाच उजळ ठेवा. आजूबाजूचे शॉट हवं तर जरा मंद करा."

"म्हणजे एवढा भारी टीव्ही असताना बाबांना मिणमिणतं दाखवायचं? तुझं शहाणपण तुझ्यापाशी ठेव."

"अगं, करू दे ना त्यांना त्यांच्या पद्धतीनं," ताई मध्ये पडली. ती नेहमीच पडते, आणि नेहमी त्यांच्याच बाजूनं.

वाढदिवसाला आई खुर्ची ओढून टीव्हीच्या अगदी जवळ बसली. पडद्यावर बाबा आले. कपाळ आणि गाल पांढरेफट्ट, नाक कुठे संपतं ते कळेना. शर्ट ट्यूबलाइटसारखा पेटलेला, मागच्या भिंतीवर नुसते ठिपके वळवळत होते. आवाज तेवढा त्यांचा होता. दाजी शाबासकीची वाट बघत आईकडे पाहत उभे होते.

"मूळ क्लिप लावा," मी म्हणाले.

"ती कशाला ठेवू? हीच जास्त चांगली झालीय. पुसली, मेमरी कार्डही रिकामं केलं."

मी तोंडाला येईल ते बोलले. त्यांच्या अकलेपासून सुरुवात केली आणि कुठेच थांबले नाही. ताई रडायला लागली. दाजी मात्र मी त्यांच्यावर जळते, असंच धरून चालले होते.

आईनं हात वर करून मला गप्प केलं. जावयाला ती आजवर कधी उलटून बोलली नव्हती.

"जावईबापू, बंद करा तो टीव्ही," ती म्हणाली. "कालपर्यंत डोळे मिटले की ह्यांचा चेहरा दिसायचा मला. आत्ता मिटून बघितले, तर तुम्ही केलेला हाच दिसतोय."