नाना घसरले नाहीत

‘दुचाकी घसरून गॅरेजचालकाचा मृत्यू.’ ही ओळ मी फोनवर वाचली, तेव्हा एरंडोलजवळच्या माझ्या रोपवाटिकेत केळीची रोपं गाडीत चढवत होते. गॅरेजचालक म्हणजे माझे मावसभाऊ, धुळ्याचे सुभाषनाना. दीड महिना झाला. त्या ‘घसरून’चा राग अजून उतरलेला नाही.

माझी गाडी अठरा वर्षांची, डिझेलची, उंच आणि अवजड. घरातले म्हणतात, विकून टाक. नाना म्हणायचे, “ती बोलस, तूच ऐकत नही.” सकाळी गाडी सुरू झाली नाही की मी थेट इंजिन गेलं असं समजूनच फोन करायची. तिकडून शांतपणे उत्तर यायचं, “अक्का, आधी बॅटरीन्या तारा दख.” मी त्यांच्याहून दहा वर्षांनी लहान, पण हुकूम सोडते म्हणून अक्का. तारा सैल निघायच्या. काळा धूर आला तर एअर फिल्टर काढून झटकायचा. डिझेल फिल्टर बदलल्यावर गाडी अडली तर लाइनमध्ये हवा शिरली असणार, हातपंप दाबून ती काढायची. पांढरा धूर येतोय आणि रेडिएटरचं पाणीही कमी होतंय, तरच गॅरेजला यायचं. सोपं कारण आधी तपासायचं, पाना सगळ्यात शेवटी.

एकदा पारोळ्याच्या पुढे तापमानाचा काटा लाल रेघेला टेकला. हँडब्रेक ढिला होता, म्हणून चाकांखाली दोन दगड लावले आणि नानांना फोन केला. रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडू नको, इंजिन थंड झालं की पंख्याचा पट्टा दाबून बघ, असं त्यांनी सांगितलं. पट्टा ढिलाच होता. पाणी भरलं आणि थांबत थांबत धुळे गाठलं. नानांनी बॉनेटला हातही लावला नाही.

“दगड कुठे शेतस?”

“कुठले दगड?”

“चाकाखालना.”

तिथेच राहिले, म्हटलं.

“गाडी तुनी ना? मंग दगडबी तुनाच. जाय, उचली ये.”

पट्टा ताणून दिला आणि चार गिऱ्हाइकांसमोर मला वीस किलोमीटर परत पाठवलं. मी महिनाभर त्यांच्याशी बोलले नाही... दगड मात्र उचलले होते.

दशक्रियेला एक काका सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “लोकांच्या गाड्या नीट केल्या, स्वतःचं टायर पाहिलं नाही.” दोघंतिघं हसलेसुद्धा. लीलावहिनी मान खाली घालून बसल्या होत्या. नंतर स्वयंपाकघरात त्यांनी मला हळूच विचारलं, “अक्का, त्यासना ब्रेक खराब व्हता का वं?”

तीस वर्षं ज्या माणसाने दुसऱ्यांचे ब्रेक तपासले, त्याच्या बायकोला हा प्रश्न पडावा!

पोलिसांनी सोडलेली दुचाकी अंगणात भिंतीला टेकवलेली होती. मी सोप्यापासून सुरुवात केली. टायरच्या खाचा खोल. दोन्ही ब्रेक लागत होते. साखळीला तेल होतं. पुढच्या रिमला मात्र मूठ बसेल एवढा खड्डा.

तशीच माझी गाडी काढून मी अपघाताच्या जागी गेले. समोरच्या चहावाल्याने सगळं पाहिलं होतं. भर दुपार, कोरडा रस्ता. पुढे केळीचा ट्रक, मागे नाना. ट्रकच्या पोटाखालून दगड निघाला आणि नानांच्या पुढच्या चाकाखाली आला. कुणीतरी बंद पडलेल्या गाडीला लावून तसाच टाकलेला. तो अजून कडेला पडला होता, एका बाजूला टायरचा काळा घासा.

“दोन दिनपासून पडेल व्हता,” चहावाला म्हणाला.

“मग उचलला का नाही?”

“मना थोडाच व्हता?”

त्याला मी काय काय बोलले, ते इथे छापता येणार नाही. आणि ज्याचा होता तो कुठेतरी मजेत गाडी चालवतोय... त्याला कळलेलंही नाही.

घरी येऊन वहिनींना सगळं सांगितलं. त्या उठल्या, खुंटीवरची किल्ली काढून माझ्या हातात दिली. “सुरू करी दखाड.”

वाकड्या चाकाची गाडी अर्ध्या किकमध्ये सुरू झाली. ना खडखड, ना धूर. वहिनींनी अंगणाचं दार सताड उघडलं. समोरच्या ओट्यावर तेच काका बसले होते.

“आयका,” वहिनी म्हणाल्या.

मी ॲक्सिलरेटर आणखी पिळला.